थायरॉईड आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या



एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजी राजांनी आपल्या ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र बांधले. रामेश्वरच्या वाटसरूंना तेथे जेवण मिळे, आजाऱ्याला औषधही. तेव्हा या गावी आरोग्यावर चार शब्द बोलणे जागेला धरूनच आहे.

“गळ्यातल्या ग्रंथीचा आणि काळजाचा काय रे संबंध?” असे मला आईनेच विचारले होते. तिचे कोलेस्टेरॉल उतरता उतरेना. तेल-तूप कमी, गोळी चालू, आकडा तिथेच. थकवा, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावर सूज, इथल्या उन्हातही अंगावर शाल. सारे आम्ही वयावर ढकलले. मीसुद्धा, डॉक्टर असून! टीएसएच तपासला तेव्हा उलगडा झाला.

आपल्या यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेणारी जणू दारे असतात. थायरॉईडच्या संप्रेरकामुळे ती वाढतात. संप्रेरक कमी पडले की दारे घटतात, कोलेस्टेरॉल रक्तातच फिरते आणि वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांत थर साचतो. शिवाय रक्तवाहिन्या ताठरतात, खालचा रक्तदाब चढतो. ग्रंथी काढलेल्या रुग्णांच्या रक्तवाहिन्या कठीण होतात, हे स्विस शल्यविशारद कोखर यांनी १८८३ मध्येच नोंदवले होते. २०१० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा टीएसएच दहाच्या वर असलेल्यांत हृदयविकाराचा धोका स्पष्ट दिसला. त्याखालच्या किंचित वाढीला, विशेषतः वृद्धांत, गोळी लागतेच असे नाही.

आता उलटी बाजू, आणि आज मला मुख्यतः तीच सांगायची आहे. लवकर बरे व्हावे म्हणून आईने आपल्या मनाने गोळी दुप्पट केली. तीन आठवड्यांत जिना चढताना छातीत दुखू लागले. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद निघाली. संप्रेरक वाढले की हृदय जोरात चालते, त्याला प्राणवायू जास्त लागतो. अरुंद वाहिनी तो आणणार कुठून? म्हणून वृद्धांना व हृदयरोग्यांना साडेबारा किंवा पंचवीस मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून, सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासत मात्रा वाढवतात. साचलेला थर मात्र या गोळीने विरघळत नाही. त्याचे उपचार वेगळे.

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या चार तासांनी. कॉफीने गोळी नीट शोषली जात नाही, तेव्हा आपली फिल्टर कॉफीही तासाभराने. आईला आता गोळीची मात्रा मान्य आहे. कॉफीचा तास अजून नाही.