रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंय

आम्ही मारुंजीच्या बचत गटातल्या बायका. आज पोटाबद्दल बोलणार आहोत. संडासाचा विषय आपण एकमेकींतही काढत नाही, म्हणूनच काढतोय.

आमच्यातल्या काही जणी हिंजवडीच्या कंपन्यांत साफसफाईला जातात. त्यातल्या एकीला सकाळी निघायच्या वेळीच मुरडा यायचा. दोन-तीनदा जाऊन आलं तरी पोट साफ झालंय असं वाटायचं नाही. वाटेत लागली तर काय, या धास्तीनं ती काही खायचीच नाही. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. घरचे म्हणाले, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." काम सुटायची वेळ आली.

मग डॉक्टरांनी नाव सांगितलं : आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. यात आतड्याला जखम नसते, म्हणून तपासणीत काही दिसत नाही. पण आतड्याची हालचाल बिघडते आणि ते हळवं होतं. आतडं आणि मेंदू यांचा सतत निरोप चालू असतो, त्यात घोटाळा होतो. म्हणून काळजी वाढली, झोप मोडली की पोट उठतं. दुखणं मात्र खरं असतं, सोंग नसतं. कुणाला जुलाब, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला आलटून पालटून दोन्ही. बायकांत हा त्रास जास्त आढळतो, पाळीत अनेकींचा वाढतो. यातून कॅन्सर होत नाही.

पण शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, अंगात रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीजवळ पहिल्यांदाच असा त्रास, यातलं काहीही असेल तर घरी बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

आमच्या मैत्रिणीनं 3 आठवडे वही लिहिली : काय खाल्लं, कधी दुखलं, झोप किती झाली. त्यातून कळलं, रिकाम्या पोटी चहा आणि दिवसभर उपाशी राहून रात्रीचं भरपेट जेवण तिला सोसत नाही. आता ती थोडं थोडं, वेळेवर खाते. कुणाला कांदा-लसूण, गहू, दूध किंवा राजमा बाधतो. पण सगळं एकदम सोडू नका, अशक्तपणा येईल. एकेक पदार्थ काही दिवस थांबवून बघा, फरक नसेल तर पुन्हा सुरू करा. इसबगोल डॉक्टरांना विचारून, चमचाभर, पेलाभर पाण्यात लगेच प्यायचं. रोज चालणंही उपयोगी पडतं.

आम्ही तिच्याबरोबर सुपरवायझरकडे गेलो. लागेल तेव्हा संडासला जायची मुभा मिळाली, आणि निम्मी धास्ती तिथेच गेली. त्रास अजून अधूनमधून होतो, पण काम टिकलंय.

तुमच्या गटातही अशी एखादी असेल. पुढच्या बैठकीत तिला नुसतं विचारा, "पोट कसं आहे गं?"