राजांचें सख्य आणि आमची श्रद्धा



ज्युबिलीच्या या आनंदांत एक विचार ठेवितों. आमच्या विष्णुपुरीशेजारीं, नांदेडास, १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगजी बादशहा बहादूरशहाच्या छावणीसह आले. तें सख्य इतिहासजमा झालें; गुरुजींनीं गुरुस्थानीं स्थापिलेला ग्रंथ आजही वंद्य आहे. वसईस पोर्तुगीज राजाश्रय होता. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं किल्ला जिंकिला. आंतील ख्रिस्तमंदिरें कालांतरानें ओस पडलीं. तरीही वसईकर ख्रिस्ती कुटुंबें आजतागायत रोझरी म्हणतात; ती प्रार्थना कोणत्याही तहावर उभी नव्हती.

आज निवडणुकीच्या युत्या दारीं येतात. आम्ही मत विवेकानें द्यावें; मोबदल्यांत श्रद्धेसाठीं अभय मागूं नये. आश्रय लाभला म्हणून फुगूं नये, गेला म्हणून खचूं नये. आमचा करार वेदीपाशीं झाला आहे. प्रभु तो मोडणार नाहीं. आम्हीही मोडूं नये. आमेन.