हळदणकरांचा दिवा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चित्रकलेवर बोलायला माझ्यासारखीला उभे करावे, हा आपल्या कार्यवाहबाईंचा धीटपणाच म्हटला पाहिजे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण माझी धाकटी डोंबिवलीहून ठाण्याला चित्रकलेच्या वर्गाला जाते. तिला सोबत म्हणून मी जाते आणि मागच्या बाकावर बसते. तिथे जे पाहिले, जे विचारून घेतले, तेवढेच सांगणार आहे. विषय जलरंगांचा, आणि चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा.

हळदणकर सावंतवाडीचे. जन्म १८८२ सालचा. शाळेच्या हेडमास्तरांनी मुलाचा हात ओळखला, आणि संस्थानच्या राजेसाहेबांचा आधार मिळून १९०३ साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशाळा काढली. पुढे १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी करणाऱ्यांतही ते होते. तैलरंग आणि जलरंग, दोन्हींत हात बसलेला.

त्यांचे एक चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. कॅलेंडरवर, कुणाच्या दिवाणखान्यात, आपल्या मंडळाच्या खोलीत तर आहेच. हातात पितळी दिवा घेतलेली, वाऱ्याने विझू नये म्हणून दुसरा हात आड धरलेली बाई. त्याला ‘ग्लो ऑफ होप’ म्हणतात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते जलरंगात आहे. जलरंगात आहे म्हणजे काय, हे कळायला मला वर्गातले चार-सहा महिने लागले.

तेलाच्या रंगात एखादी जागा बिघडली तर वाळू द्यावी, वरून दुसरा रंग चढवावा. पाण्याच्या रंगात ती सोय नाही. खालचे सगळे वरून दिसते. जिलबीचे पीठ तुपात पडले की वेढा परत ओढता येत नाही, तसेच हे. शिवाय आधी फिके, मग गडद, हा क्रम. कागद ओला असताना रंग लावला तर कडा मऊ पसरते, वाळल्यावर लावला तर करकरीत उमटते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कागद लवकर वाळतच नाही, त्यामुळे मुली कागद पंख्याखाली धरून उभ्या राहतात.

पण खरी गोष्ट उजेडाची. रांगोळीत आपण पांढरे घालतो. जलरंगात पांढरे घालायचे नसते, राखायचे असते. कागदाचा कोरेपणा हाच उजेड. म्हणजे दिव्याची ज्योत कुठे, गालावर झळाळी कुठे, हे पहिला कुंचला टेकवण्याआधी ठरलेले हवे. आता ते चित्र आठवा. आड धरलेल्या हाताच्या बोटांतून लाली पाझरते, चेहरा खालून उजळलेला आहे, आणि भोवती अंधार. हा अंधार दाट करत करत उजेडाच्या काठाशी यायचे आणि थांबायचे! हळदणकरांनी हे तैलरंगात काढले असते तर कुणी बोल लावला नसता. त्यांनी मुद्दाम अवघड वाट धरली.

चित्रातली बाई म्हणजे त्यांची मुलगी गीता. दिवाळीत तिला दिवा घेऊन उभी पाहिली आणि वडिलांना चित्र सुचले. हे १९४५-४६ चे. मग तिला तशीच दिवा धरून तासन्‌तास उभे राहावे लागले. एका जागी हात न हलवता उभे राहणे म्हणजे काय, हे संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये कडेवर मूल घेऊन उभ्या राहिलेल्यांना मी सांगायला नको. त्या चेहऱ्यावर शीण दिसत नाही, याचे श्रेय चित्रकाराइतकेच मी तिलाही देते.

आणि इतके होऊन लोक म्हणतात काय, तर हे रविवर्म्याचे चित्र! रविवर्मा थोर खरेच, पण ते १९०६ साली वारले. चाळीस वर्षांनंतरचे चित्र त्यांचे कसे असेल? हळदणकर १९६८ साली गेले. गीताताई उपळेकर तर कोल्हापुरात शंभरी ओलांडून २०१८ पर्यंत होत्या. बापाने काढले, लेक उभी राहिली, आणि नाव तिसऱ्याचेच ऐकत तिने म्हातारपण काढले. मला याचा राग येतो, तो मी लपवत नाही.

आमच्या नात्यातल्या काहींना वाटते, मुलीने चित्रे कशाला, शिवण शिकावे. शिवणही येते तिला. तिच्या वर्गाची फी मी भिशीतून भरते आणि भरणार आहे.

आता एक विनंती. आपल्या खोलीतल्या त्या चित्राखाली ‘राजा रविवर्मा’ अशी चिठ्ठी आहे. कोणी लावली ते विचारत नाही. मी नवी लिहून आणली आहे. अक्षर धाकटीचे आहे. ‘चित्रकार : सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडी. माध्यम : जलरंग. दिवा धरणारी : त्यांची कन्या गीता.’ अध्यक्षीणबाईंची परवानगी असेल तर चहाच्या आधीच लावून टाकू. डिंक पर्समध्ये आहे.