हाड कुणाचं, निर्णय कुणाचा?

(महिला आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



मी फिजिओथेरपिस्ट आहे. कॉलरबोन मोडून ऑपरेशन झालेल्या बायका माझ्याकडे व्यायामासाठी येतात. ‘कोणतं ऑपरेशन झालं?’ असं विचारलं की अनेकींचं उत्तर ठरलेलं, ‘यांना माहीत आहे.’ म्हणून आज हा विषय घेतला.

पुष्कळदा ऑपरेशन लागतच नाही. तुकडे जागेवर असतील तर हात झोळीत ठेवून हाड जुळतं. प्रश्न येतो तो तुकडे सरकल्यावर. कॅनडातल्या १३२ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सरकलेलं हाड प्लेटने बसवलं तर ते न जुळण्याचं प्रमाण घटतं, असं त्यात दिसलं.

पद्धती मुख्यतः दोन. एकीत हाडावर प्लेट ठेवून स्क्रू बसवतात. पकड भक्कम, हाडाचे बरेच तुकडे झाले असले तरी चालते. पण छेद मोठा, त्याखालची कातडी कधीकधी बधिर राहते, आणि पिशवीचा किंवा ब्रेसियरचा पट्टा प्लेटवर घासतो. दुसरीत हाडाच्या पोकळीतून टायटॅनियमची लवचिक सळी घालतात. छेद लहान, वण छोटा. पण तुकडे फार असतील तर हाड आखूड होऊ शकतं. सळीचं टोक कातडीला टोचतं आणि बहुधा ती काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा रजा.

नेदरलँड्समध्ये १२० रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली (२०१५). पहिल्या सहा महिन्यांत प्लेटवाल्यांचा हात लवकर कामाला लागला. वर्षअखेर दोघे सारखेच. आता सांगा, ते सहा महिने घरात पाणी कोण भरणार, तान्हं मूल कोण उचलणार? हा हिशेब बाईलाच ठाऊक असतो. वण चालेल की दुसरं ऑपरेशन, हेही तिनंच सांगायचं.

कायदाही हेच सांगतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं, की सज्ञान, निर्णयक्षम बाईची संमती तिचीच हवी; तिच्या आईची सही पुरत नाही. उपचाराचे पर्याय आणि धोके तिला आधी समजावून सांगायला हवेत.

तेव्हा सही करण्यापूर्वी विचारा: ऑपरेशन लागेलच का? प्लेट की सळी, आणि का? ती पुढे काढावी लागेल का? एकूण खर्च किती? एकटीला धीर होत नसेल तर मैत्रिणीला सोबत न्या. पण प्रश्न तुम्ही विचारा आणि सहीही तुमचीच असू द्या.