ग्रीनलंड : बर्फाच्या प्रदेशातला तेलशोध

ग्रीनलंड हे जगातलं सर्वांत मोठं बेट. त्याचा सुमारे ८० टक्के भाग हिमस्तराखाली आहे. लोकवस्ती जेमतेम ५६ हजार, तीही किनाऱ्यालगत. गावांना जोडणारे रस्ते नाहीत, त्यामुळे ये-जा बोटीनं, विमानानं किंवा हेलिकॉप्टरनं होते. निर्यातीचा ९० टक्क्यांहून अधिक वाटा मासळी आणि कोळंबीचा. सरकारी तिजोरीचा मोठा आधार म्हणजे डेन्मार्कचं अनुदान.

२००९ च्या स्वशासन कायद्यानं खनिज संपत्तीवरचा हक्क ग्रीनलंडकडे येण्याचा मार्ग खुला झाला. तेल सापडलं तर अनुदानाची गरज उरणार नाही, अशी आशा होती. १९७६-७७ मध्ये पश्चिमेच्या समुद्रात खोदलेल्या ५ विहिरी कोरड्या निघाल्या होत्या. राजस्थानात बाडमेरला तेल शोधून काढणाऱ्या केर्न एनर्जी या कंपनीनं २०१०-११ मध्ये इथं आणखी ८ विहिरी खोदल्या; व्यापारी साठा मिळाला नाही.

इथं खोदकाम उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांतच शक्य होतं. हिमनग विहिरीच्या दिशेनं येऊ लागला, की जहाजं त्याला दोर लावून बाजूला ओढून नेत. तेलगळती झालीच, तर गोठलेल्या समुद्रात ती आवरणं अतिशय अवघड आणि मासेमारीवर जगणाऱ्यांचा घासच हिरावला जाण्याची भीती.

जुलै २०२१ मध्ये ग्रीनलंड सरकारनं तेलशोधाचे नवे परवाने थांबवले. आता भर मासेमारी, खनिजं आणि पर्यटनावर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजधानी नूकला मोठी विमानं उतरू शकतील अशी धावपट्टी सुरू झाली.