बॉनेटवरचे नाकाड

अमेरिकेतील १९६५ सालच्या पॉन्टिॲक जीटीओ मोटारीच्या बॉनेटवर हवा घेणाऱ्या नाकाडासारखा एक ऐटदार उंचवटा होता. पण तो बंद, केवळ शोभेचा. तो उघडण्याचे साहित्य पुढे विक्रीस आले. तथापि, हौशी मालक हे काम घरीही करतात. उंचवट्याचे तोंड कापून मोकळे करावयाचे, कार्ब्युरेटरभोवती पत्र्याचे तबक बसवावयाचे आणि त्याच्या काठाला स्पंजची पट्टी लावून ते बॉनेटला घट्ट भिडवावयाचे.

वेगामुळे वारा आत कोंबला जाऊन शक्ती वाढते, अशी सर्वसाधारण समजूत. गणित निराळे सांगते. ताशी १०० किलोमीटर वेगाला हा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. खरा लाभ गारव्याचा. इंजिनाजवळच्या ६० अंश सेल्सिअसच्या हवेऐवजी बाहेरची ३० अंशांची घेतली, तर ती सुमारे १० टक्के अधिक दाट असते. तितकाच प्राणवायूही अधिक.

मात्र हवेच्या प्रमाणात पेट्रोल वाढविले नाही, तर पिस्टन जळण्याचे भय असते. शिवाय पाऊस आणि धूळही त्याच वाटेने येतात. म्हणून कार्ब्युरेटरची जुळणी, हवेची गाळणी आणि पाण्याच्या निचऱ्याचे छिद्र, या तिन्हींची तजवीज झाल्यावाचून हे काम पुरे झाले असे म्हणता येत नाही.