शुश्रूषेचा धर्म आणि निर्णयाचा अधिकार

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शंभर वर्षे वाचकांची सेवा करणाऱ्या या संस्थेत परिचर्येच्या नीतिविचारावर बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. विषय रुग्णालयातला आणि श्रोते वाचनालयातले, हे काहींना विजोड वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी एखादे माणूस अंथरुणाला खिळते आणि त्याच्याविषयी निर्णय घेण्याची वेळ येते. तेव्हा हा विषय आपणा सर्वांचाच आहे.

परिचारिकेने डॉक्टरांची आज्ञा पाळावी, एवढाच तिचा धर्म, अशी समजूत पूर्वी रूढ होती. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली स्वीकारलेल्या नीतिसंहितेतही डॉक्टरांच्या सूचना निष्ठेने अमलात आणण्याचे कर्तव्य सांगितलेले होते. १९७३ च्या सुधारित संहितेने हा भार दुसरीकडे वळविला. परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्याला शुश्रूषेची गरज आहे त्या माणसाशी, असे तिने स्पष्ट केले. पुढे १९७९ साली दोन अमेरिकन विचारवंतांनी वैद्यकीय नीतीची चार तत्त्वे मांडली : रुग्णाच्या इच्छेचा मान राखणे, त्याचे हित साधणे, त्याचे अहित न करणे आणि सर्वांना न्याय देणे. परिचर्येच्या विद्यार्थिनी आज ही तत्त्वे पाठ करतात. पण ती चारही एकमेकांसमोर उभी ठाकतात तेव्हा काय करावे, हे पाठांतराने कळत नाही. त्यासाठी एक उदाहरण आपणांसमोर ठेवते.

अरुणा शानभाग हे नाव आपणांस परिचित असेल. १९४८ साली कर्नाटकातील हळदीपूर येथे जन्मलेली ही मुलगी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका झाली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी ती कायमची अंथरुणाला खिळली. संहितेने परिचारिकेला रुग्णाशी बांधून घेतले त्याच वर्षी एक परिचारिका रुग्ण झाली, आणि तिच्या सहकाऱ्यांची कसोटी सुरू झाली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. तोपर्यंतची एकेचाळीस वर्षे तिची शुश्रूषा त्या रुग्णालयातील परिचारिकांनी केली.

या शुश्रूषेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जो रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याच्या माकडहाडाशी, टाचांशी आणि खांद्यांशी कातडी हाड व गादी यांच्यामध्ये दाबली जाते. तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि काही तासांतच शय्याव्रणाची सुरुवात होऊ शकते. ते टाळायचे तर साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, अंग कोरडे ठेवावे लागते, चादरीची सुरकुतीही काढावी लागते. अरुणाला शय्याव्रण झाले नव्हते, याची नोंद सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. सप्टेंबर २०१० मध्ये मलेरियाने आजारी पडेपर्यंत तिला कुस्करलेले अन्न तोंडावाटे भरविले जात असे. त्यानंतर नाकातील नळीचा आधार घ्यावा लागला. २०११ साली तिची काळजी घेणाऱ्या कित्येकींनी तिला धडधाकट असताना पाहिलेही नव्हते. नव्या विद्यार्थिनींची तिच्याशी ओळख करून दिली जाई. ही आपल्यातलीच एक, असे त्यांना सांगितले जाई. जो रुग्ण आभार मानू शकत नाही आणि तक्रारही करू शकत नाही, त्याची कूस रात्री तीन वाजता बदलली जाते की नाही, हे पाहायला कोणी नसते. परिचर्येची नीती तिथे कळते.

न्यायाच्या तत्त्वाचा प्रश्नही या प्रकरणात होता. सार्वजनिक रुग्णालयातील एक खाट वर्षानुवर्षे एकाच रुग्णाने व्यापावी काय? १९८० च्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला बाहेर हलविण्याचा प्रयत्न केला. परिचारिकांनी विरोध केला आणि तो बेत मागे पडला. खाटांची वाटणी हा खरा प्रश्न आहे, हे मला मान्य आहे. परंतु कामावर असताना घायाळ झालेल्या सेविकेला संस्थेने टाकून देणे, यालाही न्याय म्हणता येणार नाही.

अधिक अवघड प्रश्न पुढे आला. १९९८ साली अरुणावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी, तिचे अन्न थांबवून तिला शांतपणे मरू द्यावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. त्यामागे क्रौर्य नव्हते. तिच्या यातना संपाव्यात, हीच भावना होती. परिचारिकांनी याला ठाम नकार दिला. विराणी यांनी वर्षानुवर्षांचे हाल पाहिले होते, तर परिचारिकांना आवडीचा घास भरविताना तिच्या चेहऱ्यावर उमटणारा प्रतिसाद दिसत होता. दोघींकडेही हिताचेच तत्त्व होते. अरुणाची स्वतःची इच्छा काय होती, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. तिने ती कधी सांगितली नव्हती. पंचविसाव्या वर्षी कोण सांगते?

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. अरुणाचे आईवडील हयात नव्हते. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातील सेवकवर्गाचा आहे, असे न्यायालयाने मानले. रात्रंदिवस केलेल्या सेवेतून असा अधिकार उत्पन्न होतो, ही मान्यता परिचर्येच्या इतिहासात फार मोलाची आहे. परंतु त्याच निकालाने त्या अधिकाराला मर्यादाही घातली. जीवनाधार काढून घेण्याचा निर्णय सेवकवर्गाने पुढे कधी घेतला, तरी उच्च न्यायालयाची संमती घ्यावी लागेल, असे त्यात म्हटले होते. ही मर्यादा मला योग्य वाटते. दीर्घ सहवासातून माया उत्पन्न होते, आणि आपल्या मायेची गरज तीच रुग्णाची गरज, असा भ्रमही उत्पन्न होऊ शकतो. दूरच्या माणसाच्या करुणेलाही असाच भ्रम होतो. पाहणाऱ्याला असह्य झालेले दृश्य रुग्णालाही तितकेच असह्य असेल, असे ती गृहीत धरते.

म्हणून मी माझ्या विद्यार्थिनींना निर्णयापूर्वी तीन प्रश्न विचारायला शिकवीत आले. रुग्णाने स्वतः काय सांगितले होते? त्याच्या उशाशी जो रोज असतो त्याला काय दिसते? आणि या निर्णयाने सुटका कोणाची होणार, रुग्णाची की आपली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देणे सर्वांत कठीण असते, घरातही आणि रुग्णालयातही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या हाती आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीतही सोपी झाली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून असे इच्छापत्र साक्षांकित करता येते. घरादाराचे आणि दागिन्यांचे मृत्युपत्र आपण करतो. आपल्या अखेरच्या दिवसांविषयी मात्र घरात बोलणेही अशुभ मानतो आणि तो भार मुलांवर, डॉक्टरांवर व परिचारिकांवर टाकून मोकळे होतो. आपल्यापैकी काहींनी जरी आज घरी जाऊन हा विषय काढला, तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.